फोटोमागचा शब्द

जंगलाकाठच्या मोहर्लीच्या मामीच्या होमस्टेची वेबसाइट स्वप्निलने मोठ्या हौसेने बनवली. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन वाचून सांगतो, म्हणून प्रत्येक फोटोमागे तो कशाचा आहे हे लिहायचं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण कंटाळा नडला. वाघाच्या फोटोचा कोड त्याने मागच्या शब्दासकट सगळीकडे चिकटवला आणि वरचे फोटो तेवढे बदलले. मागचं कोण पाहते!

काचबिंदूने नजर गेलेली गोकुळामामी फोन घेऊन पडवीत बसली होती.

"तुह्या मामाचा फोटो सगळ्यात वर लाव म्हटलं होतं. लावला ना?"

"लावला ना मामी. मोहफुलाची टोपली घेऊन उभे आहेत. मस्त दिसून राह्यले."

मामीने डोक्यावरचा पदर सावरला. स्वप्निलने कौतुकाने तिचं बोट धरून मामाच्या फोटोवर टेकवलं.

फोन खणखणीत आवाजात बोलला, "वाघ."

मामीचं बोट काचेवर तसंच राहिलं.



"काऊन रे बाबू, ज्यानं त्यायले नेलं, त्याचाच फोटो लावला का तू?"