नऊ नंबरच्या चपला

"तुमच्या घरात पुरुषमाणूस न्हाई, नीलमताई," आनंदराव उंबऱ्याबाहेरूनच हलक्या आवाजात म्हणाले.

नीलमच्या हातातली पिशवी हातातच राहिली. एकट्या बाईला खोली द्यायला पाटसमध्ये कोणी तयार नव्हते. म्हणून आरोग्य केंद्रातल्या या नर्सने रात्रपाळी करणारा नवरा रचला होता आणि शिरूरच्या बाजारातून नऊ नंबरच्या पुरुषी चपला आणून दाराशी मांडल्या होत्या. घरमालकाला कळले, तर सामान रस्त्यावर.

शेजारचे आनंदराव एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना रहस्यकथांचे वेड. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा बायकोशी चाललेला वाद ऐकू यायचा. "अगं, माळी कशाला खून करंल? पुरावा दे की!" काकूंचा आवाज मात्र कधी भिंत ओलांडत नसे. तो संसार ऐकत नीलम एकटी जेवायची. आज तोच तर्क तिच्या दाराशी येऊन उभा होता.

"कशावरून म्हणता?"

"उसाचं गळीत सुरू हाय. कारखान्याची काजळी समद्यांच्या दारात पडती. वापरातल्या चपलांवर ती टिकत न्हाई. या चपलांवर थर साचलाय. म्हंजी त्यांत कुणाचा पायच गेलेला न्हाई."

"ते गावाला गेलेत."

"अनवाणी?"

नीलमला हसू आले नाही. "मालकांना सांगणार?"

"छ्या! आन् माझं कुठलं एवढं ध्यान? हिनं बघितलं. रोज सकाळी माझ्यासंगं फिरायला येती ना. म्हणाली, पोरीला सांगा, चपला रोज झटकत जा. आपल्याला कळलं, तवा चोरालाबी कळंल."

किती दिवसांनी कोणी तिची काळजी केली होती.

"उद्या काकूंना भेटायला येते."

"या की," आनंदराव नजर वळवून म्हणाले. "पन बुजरी हाय ती."

सकाळी नीलमने चपला झटकल्या आणि वाटीभर मेथीची भाजी घेऊन ती शेजारी गेली. दार लोटलेले होते. आतून आनंदरावांचा आवाज येत होता, "अगं, ऐकून तर घे!"

दाराशी त्यांच्या स्वच्छ चपला होत्या. त्यांना खेटून बायकी चपलांचा जोड होता, अंगठ्याशी झिजलेला. त्यावर काजळीचा जाड, अखंड थर होता.

नीलम खाली बसली. ओढणीच्या टोकाने तिने त्या चपला हळूच पुसल्या. मग दारावर टकटक करून तिने मोठ्याने हाक मारली,

"काकू, भाजी आणलीय!"