मजुरीचा कापूस

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली सगळा कापूस गाड्या भरून अकोल्याला गेला आणि मैनाबाईच्या चरख्याला मूठभरही उरला नाही. जन्मभर सूत कातलेल्या म्हातारीनं अंथरूण धरलं, अन्न सोडलं. तिला कुणी नव्हतं, म्हणून कौशल्या आणि तिच्या मैत्रिणी वेचणीहून परतताना तिच्याकडे जात, वेणीफणी करत, गोष्टी सांगत. ती भिंतीकडे तोंड फिरवी. शेवटी कौशल्या शेतमालकाला म्हणाली, "मले पैसे नोको. मजुरीत कापूसच द्या." तो कापूस तिनं मैनाबाईच्या हाताशी ओतला. मग सुकलेली बोटं कापूस चाचपू लागली. "काहून वं, याची सरकी कोण काढीन, तुहा बाप?" म्हातारी खवळून उठून बसली. "बसा साऱ्याजणी, शिकवतो तुमाले. पण आधी भाकर टाक." हसण्यापायी कौशल्याला चुलीत नीट फुंकरही मारता येईना.