बॅगेतलं बेलणं

नूतन मोबाइल नाचवतच आत आली. सासू-सासऱ्यांच्या क्रूझला आठवडा उरला होता आणि भाव एकदम निम्म्यावर आला होता.

"आई, पुराना वाला कॅन्सल करून देते. जहाज तेच, तारीख तेच, अन् वरच्या मजल्यावर समुद्राकडची खिडकी!"

सत्यशीलाबाई बॅग भरत होत्या. "नको वं बाई. आमाले आमची खोली बरी."

"कावून पण? त्या खोलीले तं खिडकीबी नाही."

"भिंत हाये ना."

नूतनने सासऱ्यांकडे पाहिलं. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारे देवीदास आज नुसतेच गालात हसत होते. काय करावं या दोघांचं! तेवढ्यात तिला बॅगेत, साड्यांच्या घडीत खुपसलेलं बेलणं दिसलं.

"आई, जहाजावर आयतं जेवण भेटते. तिथं कोणाच्या पोळ्या लाटता?"

सत्यशीलाबाई लाजल्या. "भिलाईच्या क्वाटरमध्ये होतो ना, तवा काही चांगलंचुंगलं केलं का मी बेलण्यानं भिंत ठोकत होती. मंग बाजूची ओमना वाटी घेऊन येत होती. रिटायर झाले, क्वाटर सुटले, ते लोक केरळले गेले." त्यांनी बेलण्यावरून हात फिरवला. "आता जहाजावर आमच्या बाजूची खोली त्याईनं घेतली हाये."

नूतनने मोबाइल बंद केला. बॅगेतलं बेलणं काढून तिने सगळ्यात वर ठेवलं, पोचल्याबरोबर हाताशी लागेल असं.