तासाभराची फ्लॉपी

पट्टा तिसऱ्यांदा बसला तेव्हा दुकानदाराचा दात उडाला आणि थेट कीबोर्डवर पडला.

"बघ रे, तोंडाने टाइप करतोय," ठोक्या म्हणाला.

त्याला सगळे ठोक्या म्हणत. का म्हणत, हे विचारायची गरज नव्हती. त्याचा जोडीदार गप्प्या अर्ध्या खाली ओढलेल्या शटरला पाठ लावून उभा होता. बाहेर सकाळचा रस्ता नेहमीसारखा चालू होता. आत दुकानदाराला त्याच्याच फिरत्या खुर्चीला बांधलं होतं, आणि प्रत्येक फटक्याला खुर्ची गर्रकन अर्धी फिरत होती.

ठोक्याने खिशातून काळी फ्लॉपी काढली आणि त्याच्या फुटलेल्या नाकावर टकटक केलं.

"आमच्या साहेबांनी गोदाम जाळलं, आतले दोन पहारेकरी जळून मेले, असं पत्र आहे यात. कोणीतरी गुपचूप पोलिसांकडे टाकलंय. खाली नाव नाही. शहरात फ्लॉपीवर मजकूर टाइप करून देणारी दुकानं चार. तुमचं तिसरं. बोला, कोणी लिहिलं?"

"मला माहीत नाही."

ठोक्या कॉम्प्युटरशेजारी उभ्या असलेल्या दुकानदाराच्या बायकोकडे वळला. घाम पुसायला त्याने नुसता हात वर केला, तर तिचा तळहात चटकन डाव्या कानावर गेला.

"घाबरू नका वहिनी. बाईमाणसावर हात टाकत नाही आपण. तत्त्व आहे."

ती हसली की काय, असं क्षणभर वाटलं.

"आमच्याकडे कोणी असली पत्रं टाइप करून घेत नाही, भाऊ," ती म्हणाली.

ते खरंच होतं. हे पत्र दुकानदाराने स्वतःच लिहिलं होतं, रात्रभर जळणारं गोदाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. पहिल्या पत्राखाली त्याने छाती फुगवून नाव, पत्ता, सगळं टाकलं होतं. सकाळी हवा गेली. मग ती फाइल त्याने खोडली आणि त्याच फ्लॉपीवर बिननावाचं दुसरं पत्र लिहिलं. खोडलेली फाइल फक्त यादीतून जाते, मजकूर आत तसाच राहतो, हे बायकोने तेव्हाच सांगितलं होतं. कोरी फ्लॉपी घ्या, म्हणाली होती. "आता तू मला शिकवणार?" तो म्हणाला होता, आणि विषय तिथेच संपला होता.

"पट्टा मात्र झकास आहे," ठोक्या म्हणाला. तो त्याला इथेच, दारामागच्या खिळ्यावर सापडला होता. "दुकानात कशाला टांगलाय?"

"प्रिंटरचा आहे," दुकानदार पुटपुटला.

"बकलवाला?"

गप्प्या पहिल्यांदाच खुदकन हसला. ठोक्याने आणखी दोन ठेवून दिले. बरगडीत काहीतरी कट्कन मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बरं, नका बोलू. ही फ्लॉपी चौकीतून तासाभरासाठी आणलीय. हवालदार आपला आहे, पण घाबरट. बारा वाजता कपाटात परत पाहिजे. वहिनी, हिची एक कॉपी काढा. साहेबांचा भाचा कॉम्प्युटरमधला किडा आहे. खोडलेलंसुद्धा उकरून काढतो म्हणे. त्याला नाव सापडलं, की मग पट्ट्याचं काम नाही." त्याने कमरेचा सुरा थोपटला.

दुकानदाराने झटकन मान वर केली.

"भाच्याने कमांड सांगितली होती. तळहातावर लिहून आणली होती मी." ठोक्याने हात उघडला. दोन दुकानांत हात इतका चालला होता, की शाई आणि रक्त मिळून नुसता चिखल झाला होता. "गेलं सगळं! तुम्हाला येत असेल ना?"

"येतं."

तिने एका ड्राइव्हमध्ये पोलिसांची फ्लॉपी घातली, दुसऱ्यात कोरी.

"अगं, साधीच कर," दुकानदार खुर्चीतून म्हणाला. आवाज त्याने कसाबसा सरळ ठेवला होता. "एकच फाइल आहे. उगाच वेळ नको."

तिला कळलं. साधी कॉपी फक्त यादीत दिसणारी फाइल उचलते. खोडलेलं मागेच राहतं, आणि बारा वाजता ते चौकीच्या कपाटात बंद होतं. डिस्ककॉपी ही कमांड मात्र अख्खी फ्लॉपी खरवडून नेते, नावपत्त्यासकट.

"अहो, तुम्ही आता बोलू नका," ती हळूच म्हणाली. "रक्त येतंय."

ठोक्या तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. इंग्रजीच्या नावाने त्याची बोंब होती. तिने काहीही टाइप केलं असतं तरी त्याला कळलं नसतं. दुकानदाराची खुर्ची भिंतीकडे फिरलेली होती. त्याला पडदा दिसत नव्हता, नुसता कीबोर्डचा आवाज ऐकू येत होता.

टक, टक, टक. एंटर.

ड्राइव्ह गुरगुरला. दुकानदाराने डोळे मिटले आणि मनातल्या मनात मोजायला लागला. छोटी फाइल, पाच सेकंद, फार तर सहा.

दहा झाले.

वीस झाले. ड्राइव्ह खर्र खर्र करत एकेक पायरी आत सरकतच होता.

"अगं..." त्याने पाय जमिनीवर आपटले, खुर्ची फिरवायला धडपडला. गप्प्याने त्याचे केस धरून डोकं भिंतीवर आदळलं. "अगं, बंद कर! ऐकतेस का? बंद कर!"

"काय झालं याला?" ठोक्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आणि वहिनी, एवढा वेळ का लागतोय?"

"भाच्याला सगळं हवंय ना, भाऊ?" पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "मग यांनी खोडलेलं पण यायला नको का?"