डॉक्टर बदलून मिळण्याबाबत

“सही करा, म्हणजे मी निघतो,” मामा म्हणाला आणि त्याने अर्ज टेबलावर सरकवला.

समोरच्या डॉक्टरबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. गरिबांचा सरकारी आरोग्य विमा त्या वर्षी एका कंपनीकडे गेला होता. कंपनीने प्रत्येक कार्डामागे एक डॉक्टर ठरवून दिला होता, आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय मोठ्या दवाखान्यात कोणी दारात उभं करत नव्हतं. मामाच्या वाट्याला या बाई आल्या होत्या. त्याचे वीस वर्षांपासूनचे जुने डॉक्टर यादीतच नव्हते. डॉक्टर बदलून हवा असेल तर कारण लिहायचं आणि नेमलेल्या डॉक्टरची सही आणायची, असा नियम होता.

मामाचं दोन खुर्च्यांचं सलून. गिऱ्हाईक बसलं रे बसलं, की तो नव्या विम्याची हजामत सुरू करायचा. महिन्याभरात त्याने अर्जाला जोडायला चाळीस सह्या जमवल्या. “गळ्यावर वस्तरा असताना नाही कोण म्हणणार?” असं आता तो स्वतःच सांगतो. “पण मला वाटलं, आपण पुढारी झालो.”

बाईंनी अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘या डॉक्टर पेशंटला नीट तपासत नाहीत.’

“आपण याआधी भेटलोय का?”

“नाही. पण लोक म्हणतात.”

लोक म्हणजे मामाच. त्याने सोडलेली पुडी चार गिऱ्हाइकांकडून फिरून परत त्याच्याच कानावर आली होती, आणि त्याने ती खरी मानली होती.

“मग आधी तपासते,” बाई म्हणाल्या. “नाहीतर तुमचं लिहिलेलं खरं ठरेल.”

त्यांनी छाती तपासली. एक जिना चढून अजून धाप का लागलीय, असं विचारलं. मामाने त्यांनाच समजावलं. धाप वयाची. डावा हात दुखतो, तो दिवसभर कंगवा धरून. जबड्यात कळ येते, ती बोलून बोलून. जुन्या डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, पिवळ्या गोळ्याही दिल्या होत्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ईसीजी काढला, पट्टी दोनदा पाहिली आणि फोन उचलला.

फोनवर आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग पलीकडचा माणूस म्हणाला, मंजुरीचं दोन दिवसांत कळवतो.

बाई खुर्चीतून उठल्या. “हा माणूस दोन दिवस टिकेल, असं मला लिहून द्या. खाली तुमचं नाव घाला.”

दहा मिनिटांत मंजुरी आली. पाठोपाठ गाडी आली.

एखादा शहाणा माणूस तिथेच बाईंच्या पाया पडला असता. मामाला मात्र संशय आला. आपल्याला स्ट्रेचरवर घालून अर्ज दाबायचा हा डाव आहे, हे त्याने बरोबर ओळखलं.

“आधी सही,” तो म्हणाला. “नाहीतर मी जागचा हलत नाही.”

“अहो, जीवावर बेतलंय तुमच्या!” सोबत आलेली बायको रडकुंडीला आली.

“बेतू दे. सही पाहिजे.”

बाईंनी पेन उचललं. मग त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि अर्ज त्याच्या हातात दिला. दाराजवळ कंपनीची तक्रारपेटी होती. स्ट्रेचरवरून जाता जाता मामाने हात लांब करून अर्ज तिच्यात टाकला. गड जिंकल्यासारखं वाटलं त्याला. “पुढे शुद्ध हरपली ते बरं झालं,” तो सांगतो, “नाहीतर मी गाडीत भाषण ठोकलं असतं.”

हृदयाच्या दोन वाहिन्या जवळपास बंद झाल्या होत्या. आणखी तासभर गेला असता तर हाती काही लागलं नसतं, असं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बायकोला सांगितलं.

महिन्याभराने मामा हिंडूफिरू लागला. सगळ्यात आधी तो बाईंकडे गेला, अर्ज मागे घ्यायला. काय बोलायचं ते सलूनच्या आरशासमोर चारदा म्हणून झालं होतं. जिना त्याने न थांबता चढला. आत बाईंच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ बसले होते.

“बाई कुठे आहेत?” त्याने नर्सला विचारलं.

“कंपनीने काढलं त्यांना. तिसरी तक्रार आली की नाव कमी करतात.”

“तिसरी कोणी केली?”

नर्सने हातातलं काम थांबवलं नाही.

“तुम्हीच की. दोन झाल्याची नोटीस त्या दिवशी सकाळीच आली होती. टेबलावरच होती. तिच्यावर तुमचा अर्ज ठेवून सही केली त्यांनी.”