नवव्या बोगद्यातला शंख

आरासेली पाहुण्यांना धडधडीत खोटं सांगते, ही कासिल्दाची तक्रार होती. सून असली म्हणून काय झालं? सायकलवरून फिरायला आलेल्या परक्या माणसांना ही बाई नवव्या बोगद्यात थांबवते, बॅटरी मारते आणि भिंतीतला शंख दाखवते. म्हणे, इथे समुद्र होता तेव्हाचा. लाखो वर्षांपूर्वीचा. माणसं डोळे विस्फारून परत येतात. तोवर कासिल्दानं केलेलं लसणाचं सूप गार होऊन बसतं.

"माझ्या बापानं खणलाय तो बोगदा," ती त्या दिवशी खानावळीच्या भर ओसरीवर म्हणाली. "शंख असता तर खिशात घालून घरी आणला असता त्यानं."

"मग चला ना आई, स्वतःच बघा," आरासेली म्हणाली. "की गाडी यायची वाट बघताय?"

जेवायला बसलेले गाववाले फिदीफिदी हसले. आंदालुसियाच्या त्या डोंगरांत 'गाडी आल्यावर' म्हणजे कधीच नाही. मुलगा पसंत नसला की मुलीचा बाप सांगायचा, लग्न गाडी आल्यावर. पूल बांधून झाले होते, बोगदे खणून झाले होते, स्टेशनावर घंटासुद्धा टांगली होती. मग लढाई आली आणि रूळ पडलेच नाहीत. आता त्या वाटेवर नुसत्या सायकली. मोटार नाही, धूर नाही. स्टेशनात कासिल्दाची खानावळ आणि सुनेच्या भाड्याच्या सायकली.

चौऱ्याऐंशी वर्षांत कासिल्दानं बोगद्यात पाऊल टाकलं नव्हतं. बापानं गाडीतून न्यायचं कबूल केलंय, जाईन तर गाडीतूनच, असं ती गावाला सांगे. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक होतं.

ती पाच वर्षांची असताना बाप एकदा कामावरून आला आणि म्हणाला, "आत तुझं नाव टाकून आलोय. गाडी आली की खिडकीतून दाखवीन."

आई चुलीपाशी खो खो हसली. "अंगठा उठवणारा माणूस तू. नाव कसलं टाकतोस!" त्याच संध्याकाळी आईनं कासिल्दाच्या पाठीत दोन धपाटेही घातले. पोरीनं डाव्या पायातला, दोरी गुंडाळून शिवलेल्या तळाचा जोडा कुठेतरी हरवला होता. बाप कशावरच काही बोलला नाही. पुढे लढाईनं त्याला नेलं.

आत गेलं आणि भिंत कोरी निघाली तर? गाडी येत नव्हती तोवर बाप खोटा पडत नव्हता.

पण सुनेपुढे हार मानायची म्हणजे फारच झालं. कासिल्दानं कमरेचं फडकं सोडलं. "काढ तुझी ती तीनचाकी."

म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी आरासेलीकडे एक सायकल होती. तिला पुढे दोन चाकं आणि चाकांवर खुर्ची. सासूचा पाय पायरीवर ठेवताना ती म्हणाली, "अहो, दोन महिन्यांचे बूट हे. डाव्याचा बाहेरचा काठ खाल्लातसुद्धा!"

"जन्मापासून तिरपा पडतो माझा पाय. तुझं काय जातं? चालव."

पुलावर आल्या तेव्हा कासिल्दाची जीभ पहिल्यांदा थांबली. खाली दरी निळसर दिसत होती. ऑलिव्हची झाडं तिळाएवढी. गिधाडं नेहमी डोक्यावर असायची, आज ती पायांखाली घिरट्या घालत होती. त्यांच्या पंखांतून वारा जाताना ऐकू येत होता, इतकं शांत.

मग बोगदा आला. थंडी अंगावर आली. अंधारात चाकांचा आवाज पुढे जाऊन परत येत राहिला. आरासेलीनं बॅटरी वर धरली तर कमान उजळत गेली, आणखी पुढे, आणखी पुढे, संपेचना. चर्चमध्येही एवढी उंच कमान कासिल्दानं पाहिली नव्हती. हे पहारींनी? हे बापासारख्या बारक्या, खोकणाऱ्या माणसांनी? तिनं नकळत डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"हा बघा," आरासेली म्हणाली.

भिंतीत शंख होता. वळशाला लागून वळसा, लांबट, तळहाताएवढा. गाडीच्या खिडकीशी बसलेल्या मुलीच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर.

कासिल्दाच्या तोंडात शिवी तयार होती. ती पायरीवर उभी राहिली. हात पुरवून तिनं भिंत चाचपली. हा खडक नव्हता. गिलावा होता, माणसाच्या हातचा. लाखो वर्षांपूर्वीचा शंख सिमेंटात कसा येईल? तिचं बोट वळशांवरून फिरत गेलं. दोरीचा पीळ न् पीळ उमटला होता. एका बाजूला मात्र वळसे पुसट होते, झिजल्यासारखे. बाहेरच्या काठाला.

कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मागून आलेले दोन पाहुणे सायकली धरून उभे राहिले. आरासेलीनं बॅटरी दोन्ही हातांनी धरली होती. आता सासू पाहुण्यांदेखत आपल्याला खोटं पाडणार, असं तिला वाटलं.

कासिल्दा खाली बसली. तिनं डाव्या पायातला बूट काढला, पुन्हा उभी राहिली आणि त्याचा तळ शंखाशेजारी भिंतीला लावला. मोठा तळ आणि एवढासा तळ. दोन्ही एकाच काठाला झिजलेले. बूट तिनं बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"आई?" आरासेली हळूच म्हणाली.

कासिल्दानं नाक पुसलं आणि मान ताठ केली.

"खोटारडी नाहीस तू, पोरी. फक्त माझं वय वाढवून सांगतेस."