राह्यलेला शब्द

दिवाळीचे दिवे विझले न विझले तोच मानोऱ्याकडून ट्रक आला आणि तांड्यावर एकच धावपळ उडाली. भांडी, गोधड्या, कोंबड्या, सगळं ट्रकमध्ये. घरांना कुलपं लागली आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे किल्ल्या निघाल्या प्रेमसिंग गुरुजींच्या घरी. तांडा ऊसतोडीहून परत येईपर्यंत त्या गुरुजींच्या भिंतीवर खिळ्यांना लटकायच्या. माणसं उसाला आणि किल्ल्या गुरुजींना!

गुरुजी ओट्यावर बसले होते. नोकरी संपून किती वर्षं झाली, पण इंग्रजी शिकवायची खोड काही सुटली नव्हती. समोरच्या भिंतीवर त्यांनी खडूनं झाड काढलं होतं. बुंध्याशी लॅटिन भाषेतला 'मानुस', म्हणजे हात. फांद्यांवर त्याची लेकरं: मॅन्युअल, मॅनेज, मॅन्युस्क्रिप्ट, मॅन्युअर. "शेनखत बी हाताच्याच घरचं?" म्हणून दहावीतली रेणू खो खो हसली होती. रोज संध्याकाळी एकच शब्द, जास्त नाही. पोरगी हुशार, अख्खं झाड एका बैठकीत पाठ केलं असतं तिनं. पण मग दुसऱ्या दिवशी ती कशाला आली असती? बायको गेल्यापासून गुरुजींशी दोन शब्द धड बोलणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

आज रेणूचा बाप किशन आला, तोही किल्ली घेऊनच. गुरुजी ओट्यावरून उठलेच.

"रेणू बी चालली?"

"मंग काय करू? तिच्या मायचा हात प्लास्टरमंदी. मी ऊस तोडीन, पन मोळ्या कोन बांधीन? मुकादम सकाळपासून फोनवर फोन करून राह्यला. परीक्षेले आनून सोडीन तिले."

"अरे, दहावीचं साल हाय! रामीबाई काई उसाले जात नाई, तिच्याजवळ राहीन रेणू, म्हातारीच्या सोबतीले. मी शिकवतो."

किशननं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, राग नका मानू. हे तिच्यासाठी बोलून राह्यले, का तुमच्यासाठी?"

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण किशन कुठं खोटं बोलला होता? तांडा गेला की संध्याकाळी कुत्रीसुद्धा त्यांच्याच ओट्याशी येऊन पडायची. भुंकायलाही रस्त्यावर कोणी नसायचं. त्या संध्याकाळींची गुरुजींना भीती वाटायची, हेच खरं.

"मंग मले ने," ते एकदम म्हणाले. "मी बांधतो मोळ्या. पोरीले राहू दे."

किशन हसला नाही. त्यानं गुरुजींचा हात धरला आणि उताणा केला. मऊ, खडूनं पांढरा झालेला हात.

"या हातानं मोळी नाई बांधल्या जात, गुरुजी," तो म्हणाला आणि त्याच तळव्यावर त्यानं किल्ली ठेवली.

ट्रक सुरू झाला. रेणू गोधड्यांच्या ढिगावर बसली होती, पुस्तकांची पिशवी पोटाशी धरून. तिथूनच ती ओरडली, "गुरुजी, शेंड्याची फांदी रिकामीच राह्यली! कोनता शब्द होता? सांगा ना!"

शब्द जिभेवर होता. इमॅन्सिपेट. हाताच्या पकडीतून सोडणं. जुन्या रोममध्ये बाप लेकराला मोकळं करायचा, तेव्हाचा शब्द. तिच्या निकालाच्या दिवशी सांगायचा म्हणून गुरुजींनी तो राखून ठेवला होता. आता सांगून टाकला असता तर काय बिघडलं असतं?

"परत आली की सांगतो!" गुरुजी घसा फोडून ओरडले. "आधी परत ये!"

ट्रक वळणावर दिसेनासा झाला. धूळ खाली बसली. गुरुजी भिंतीपाशी आले. मोकळा खिळा समोरच होता, किल्ली अडकवायची तेवढी राहिली होती. पण मूठ काही उघडेना.